आडोसेकर

कंपाउंडची भिंत किती उंच असावी याचा नियम आहे. झाड किती उंच वाढावं याचा नाही. आडोसेकरांचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य या दोन वाक्यांमधल्या फटीत उभं आहे.

आडोसेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते कॉलनीने बहाल केलंय. खरं आडनाव गेटवरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी आता पानांआड गेली. "आडोसेकरांच्या घरावरून डावीकडे" एवढं सांगितलं की कुरिअरवाला, गॅसवाला, लग्नाला आलेले पाहुणे, सगळे बिनचूक पोचतात. आपण कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ज्याने पेन्शन खर्ची घातली, त्याचंच घर सिंहगड रस्त्याच्या आमच्या भागातली सर्वांत मोठी खूण होऊन बसलंय.

असा एक जण तुमच्याही कॉलनीत असणार. नाशिक म्हणा, कोल्हापूर म्हणा, जिथे जिथे रो-हाउसं झाली आणि एका घरातल्या फोडणीला दुसऱ्या घरात शिंका येऊ लागल्या, तिथे तिथे हा माणूस उगवतोच. ओळखायचं कसं? तुमच्या घरी आला की तो चहाआधी खिडकीपाशी जातो आणि तिथून त्याच्या घराचं काय काय दिसतं ते बघून येतो. मग चहा घेतो, पण त्याचं चहात लक्ष नसतं.

आमचे आडोसेकर सरकारी लेखापरीक्षक होते. दुसऱ्याने मिटून ठेवलेलं उघडून बघायचं, हा त्यांचा हयातभरचा पगारी उद्योग. व्हाउचरच्या पाठीमागे पेन्सिलीने काय लिहून खोडलंय हे उजेडात धरून वाचणारा माणूस. त्यामुळे बघणारा किती बघू शकतो याची त्यांना आतून माहिती. शेजारच्या वहिनी तुळशीला पाणी घालायला येतात तेव्हा पाणी तुळशीला पडतं आणि नजर कुठे पडते, हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

बरं, त्या अंगणात होतं काय? घर रांगेच्या टोकाचं, म्हणून दक्षिणेला पावणेपाच फुटांची साइड मार्जिन. तिच्यात एक वॉशिंग मशीन, बनियन वाळत घालायची तार, एक जास्वंद आणि पाय जायबंदी झालेली प्लास्टिकची खुर्ची. पलीकडे भिंतीला लागून बँकवाल्यांचा बंगला. "यात लपवायचं काय आहे मेलं?" असं आडोसेकरकाकूंनी एकदा विचारलं.

"काय दिसतं हा मुद्दाच नाही," आडोसेकर म्हणाले. "दिसतं, हा मुद्दा आहे."

आधी त्यांनी भिंत वाढवायची ठरवली. तेव्हा कळलं, कंपाउंडची भिंत दीड मीटरपर्यंत. त्याहून वर न्यायची तर वरचा भाग जाळीचा हवा, आरपार दिसणारा. दीड मीटरची भिंत साधारण माणसाच्या हनुवटीशी येते. म्हणजे जे झाकलं नाही तरी चालतं ते धड नियमाने झाकलं जातं आणि ज्यात डोळे असतात ते डोकं नियमानेच वर राहतं. "कारभार सोडून बाकी सगळं पारदर्शक पाहिजे यांना," असा शेरा मारून आडोसेकरांनी नियमांची फाइल मिटली. मग हिरवी शेडनेट बांधून पाहिली. ती पहिल्याच वळवाने उपटली आणि बँकवाल्यांच्या डिश अँटेनावर नेऊन पांघरली. परत मागायला जावं लागलं, तेव्हा चहा झाला, घर दाखवून झालं, आडोशाच्या नादात उलट घरोबाच वाढला.

याच सुमारास, म्हणजे २०११ साली, ते मुलाकडे इंग्लंडला जाऊन आले. लोक तेव्हा तिथून राणीचा राजवाडा बघून येत. हे लेलँडीची कुंपणं बघून आले. त्या झाडाचा इतिहास त्यांनी कॉलनीच्या कट्ट्यावर इतक्या वेळा सांगितला की आता तो आम्हालाही पाठ आहे. मॉन्टेरी सायप्रस आणि नूटका सायप्रस ही दोन्ही झाडं उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची, पण आपापल्या गावी त्यांची गाठ कधी पडली नाही. ती पडली वेल्समधल्या लेटन हॉलच्या बागेत, आणि १८८८ साली त्यांच्यातून हा संकर जन्माला आला. वर्षाला दोन-तीन फूट वाढतो, बारमाही हिरवा, आणि ओळीत लावला की पलीकडून मांजरही दिसत नाही. हे सांगताना आडोसेकरांचा आवाज भरून येई. "एका झाडाच्या जिवावर अख्खा देश एकमेकांना न बघता राहतो," ते म्हणत.

कथेचा उत्तरार्ध ते सांगत नसत. तो बँकवाल्यांनी शोधून काढला. या झाडांवरून इंग्लंडातल्या शेजाऱ्यांमध्ये इतकी जुंपली की २००३ साली तिथल्या सरकारला समाजविघातक वर्तनाच्या कायद्यात उंच कुंपणांचं एक प्रकरण घालावं लागलं. ते २००५ पासून लागू झालं. दोन किंवा अधिक सदाहरित झाडं ओळीने उभी असतील, दोन मीटरच्या वर गेली असतील आणि शेजाऱ्याचा उजेड अडवत असतील, तर शेजारी कौन्सिलकडे तक्रार करू शकतो आणि कौन्सिल ती उतरवायला लावू शकते. बँकवाल्यांनी याचं प्रिंट काढून भिंतीवरून दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. समासात लाल शाईने शेरा होता: "लागू नाही. क्षेत्राबाहेरील बाब."

लेलँडी पुण्याच्या उन्हात टिकणार नाही हे एव्हाना कळलं होतं. म्हणून देशी उमेदवारांच्या मुलाखतीसाठी आडोसेकर सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीला गेले. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या. गेलेला माणूस एक मोगरा आणायला जातो आणि टेम्पो भरून येतो. आडोसेकर मात्र टेप, वही आणि प्रश्नावली घेऊन गेले होते.

नर्सरीवाल्याने आधी बांबू दाखवला. आडोसेकरांनी बेटाचा घेर मोजला आणि म्हणाले, "पावणेपाच फुटांत हे मावलं तर आडोसा राहील, पण आम्ही राहणार कुठे?" मग सुरू. तो कोकणात समुद्रकाठी वारा अडवायला ठीक. त्याच्या सुयांतून पलीकडचं सगळं दिसतं, म्हणून बाद. मोरपंखी दिसायला नेटकी, पण वाढीला फार सावकाश, आणि दुसरं मोठं कारण असं की शाळकरी पोरं तिला विद्या म्हणतात आणि वहीत ठेवायला पान मागतात. "म्हणजे परीक्षेच्या दिवसांत गेटवर रांग," आडोसेकर म्हणाले. फायकसच्या मुळांना ड्रेनेजची ओढ फार, म्हणून तोही गेला.

शेवटी नर्सरीवाला कंटाळून म्हणाला, "साहेब, मुकाट्याने अशोक घ्या. सरळ वर जातो, अंग पसरत नाही. दोन हात जागेत उभा राहतो."

आडोसेकरांनी अशोकाकडे पाहिलं आणि त्यांना आपला माणूस भेटला. फांद्या खाली सोडलेल्या, लांब नागमोडी कडांची पानं बुंध्याला धरून लोंबणारी. बघणाऱ्याला बुंधाही दिसणार नाही अशी बेतशीर उभं राहण्याची रीत. स्वतःच इतकं झाकून घेणारं झाड आपल्यालाही झाकेल, असा विश्वास त्यांना वाटला. नऊ रोपं घेतली. दहाव्यावर सूट मिळत होती, तरी घेतलं नाही. साडेतीन-साडेतीन फुटांचं अंतर धरून हिशेब नऊचा आला होता, आणि हिशेबात नसलेली वस्तू फुकट मिळाली तरी ते घेत नाहीत.

२०१२ च्या पावसाळ्यात वृक्षारोपण झालं. इथे या माणसाच्या स्वभावातली खरी गंमत दिसली. लपायची तयारी त्याने चारचौघांत केली. खड्डे खणताना खाली मुरूम लागला, पहार ठणाणली आणि बाल्कन्या भरल्या. कुणी म्हणालं शेणखत घाला, कुणी म्हणालं निंबोळी पेंड, कुणी म्हणालं भिंतीपासून अजून वीतभर आत घ्या. आडोसेकर प्रत्येकाशी वाद घालत होते. त्या दिवसाआधी कॉलनीतल्या निम्म्या लोकांना त्यांचं अंगण कसं आहे हे माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत बनियन कुठल्या कंपनीचं आहे हेही कळलं.

वरच्या गल्लीतल्या संस्कृतच्या निवृत्त बाई फेरफटक्याला आल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा सीतेचा अशोक नव्हे हो. त्याला केशरी-लाल फुलांचे झुबके येतात. हा नुसता नावाचा. हा सीताफळाच्या कुळातला. मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचा. याच्या सरळ खोडाच्या डोलकाठ्या करत गलबतांना."

"आडोसा होतो ना?" आडोसेकर म्हणाले.

"आडोसा सीतेला तरी कुठे होता?" बाई म्हणाल्या. "वाल्मीकींनी स्पष्ट सांगितलंय. एवढं अशोकवन, पण त्यातच एक शिंशपाचं झाड होतं, आणि त्याच्या पानांत दडून मारुती सगळं बघत होता. झाडाआड कोण आहे त्यावर अवलंबून असतं सगळं." आणि त्या फेरी पुरी करायला निघून गेल्या.

आडोसेकरांनी एक रजिस्टर घातलं. जुन्या सवयीने रकाने आखले: वृक्ष क्रमांक, मागील उंची, चालू उंची, तफावत, शेरा. दर महिन्याच्या एक तारखेला ते शिडी आणि टेप घेऊन बाहेर येत आणि सकाळी फिरायला जाणारी मंडळी हमखास थांबत. "वृक्ष क्र. २: समाधानकारक." "वृक्ष क्र. ७: कलते वर्तन. काठी बांधावी." "वृक्ष क्र. ४: वाढ नाही. खुलासा मागवावा." चौथ्याचा खुलासा लवकरच मिळाला. त्याच्या कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या होत्या. आडोसेकर फवारणीचा पंप घेऊन आले तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातला एक कॅमेरेवाला पोरगा धावत आला. "काका, मारू नका! टेल्ड जे आहे, फुलपाखरू होणार याचं!" अशोकाची पानं या फुलपाखराच्या अळ्यांचं आवडतं खाद्य, हे त्या दिवशी अंगणात जमलेल्या सर्वांना कळलं. पुढे तो पोरगा रोज शाळेतून येताना आत शिरून कोश बघू लागला, आणि फुलपाखरू बाहेर पडलं त्या सकाळी त्याचे सहा मित्रही आले. रजिस्टरात शेरा पडला: "वृक्ष क्र. ४: विनापरवाना अभ्यागत."

झाडं जशी वर गेली तसे अभ्यागत वाढत गेले. अशोकाला वसंतात फुलं येतात. ती फिकट हिरवी, पानांत बेमालूम मिसळणारी. ही गोष्ट आडोसेकरांना मनापासून आवडली. पण नंतर फळं धरली. पिकून जांभळी-काळी झाली आणि कोकिळांना पत्ता लागला. पहाटेपासून त्यांचा असा गजर सुरू झाला की दुसऱ्या गल्लीतले लोकही "कुठल्या झाडावर बसलाय?" म्हणत येऊन बघू लागले. रात्री वटवाघळं येत. फळ खायचं आणि बी पलीकडे टाकायचं, ही त्यांची पद्धत. पलीकडे बँकवाल्यांची पांढरी गाडी. सकाळी बँकवाले फडकं घेऊन गाडी पुसत आणि भिंतीकडे तोंड करून, कुणाला उद्देशून नाही अशा सुरात, परागीभवन आणि बीजप्रसार या विषयांवर बोलत. एका रात्री वटवाघूळ नीट बघावं म्हणून अर्धी कॉलनी टॉर्च घेऊन जमली. अकरा वाजता आडोसेकरांच्या दक्षिण अंगणात जेवढा उजेड होता तेवढा गणपतीच्या मांडवात नसतो.

मांडवावरून आठवलं. अशोकाची पानं तोरणाला लागतात. गणपती, दसरा, घरभरणी, लग्न, मुंज; कुणाच्याही दारी मंगलकार्य निघालं की पहिला माणूस आडोसेकरांच्या गेटवर. वह्यांत ठेवायला पोरं येतील म्हणून ज्याने मोरपंखी नाकारली, त्याच्या अंगणात आता कोयती घेऊन मंडळाचे कार्यकर्ते शिरतात, आणि शुभकार्याला पानं नाकारणं हे लेखापरीक्षकालाही जमत नाही.

सदाहरित या विशेषणाचा हिशेबही काकूंना द्यावा लागला. सदाहरित झाडाची पानं गळतात. सगळी एकदम गळत नाहीत एवढंच. "तो पिंपळ बरा," काकू खराटा आपटत म्हणत. "वर्षातून एकदा काय ते उरकून घेतो. याचं रोजचं दुखणं."

काकूंची या प्रकल्पाविषयीची मतं वेगळी होती आणि ती त्यांनी कधी मांडली नाहीत; अमलात आणली. तिसऱ्या आणि चौथ्या झाडाच्या मध्ये, चौथा अळ्यांमुळे मागे पडल्याने, एक वावभर उंच आणि हातभर रुंद अशी फट राहिली होती. आडोसेकरांनी तिथे दहावं झाड घालायचा प्रस्ताव मांडला. "नको हो," काकू म्हणाल्या, "तेवढी हवा खेळती राहू दे." त्या फटीतून हवा किती खेळली माहीत नाही. वाटी मात्र खेळली. इकडून सांजा जाई, तिकडून अळूची भाजी येई. कढीपत्ता, विरजण, लग्नाची आमंत्रणं, कुणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं त्याच मार्गाने. आडोसेकरांचा रक्तदाब, मुलाशी झालेला वाद, फिक्स्ड डिपॉझिटची मुदत या गोष्टी तासाभरात पलीकडे पोचत. "आपल्या घरातली बातमी बाहेर जाते कुठून?" याचा आडोसेकरांनी खूप शोध घेतला. फोनचा संशय घेतला, कामवालीचा घेतला. नऊ झाडांचा घेतला नाही.

ते स्वतः मात्र झाडांपाशी बराच वेळ असत. संध्याकाळी हातात मोठी कात्री घेऊन छाटणीला म्हणून जात आणि पानांत कमरेपर्यंत शिरत. कात्रीचा आवाज क्वचितच येई.

झाडं दहा फुटांवर धरायची, शेंडे खुडत राहायचं, असा मूळ बेत होता. तो बिघडला बँकवाल्यांमुळे. मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी वरचा मजला चढवला. वरच्या खोलीला उत्तरेकडे खिडकी. ती खिडकी बसली त्याच संध्याकाळी आडोसेकरांनी रजिस्टरात नोंद केली: "शेंडे खुडणे पुढील आदेश होईपर्यंत स्थगित." मग झाडं सुटली. बँकवाल्यांनी खिडकीवर सज्जा काढला, झाडं सज्ज्याच्या वर गेली. बँकवाल्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली, झाडं शेडच्या वर गेली. पुढच्या चौकातल्या नव्या बंगलेवाल्यांना हे बघून स्फूर्ती आली आणि त्यांनी घाईने कोनोकार्पसची रांग लावली. तो याहून झपाट्याने वाढतो. २०२३ साली गुजरात सरकारने कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. त्याचे परागकण त्रास देतात, मुळं पाण्याच्या नळांत आणि केबलींत शिरतात. आडोसेकरांनी त्या बातमीच्या झेरॉक्स काढून घरोघर स्वतः वाटल्या. कॉलनीतल्या प्रत्येक घरात जाण्याचा योग त्यांना त्या निमित्ताने आला आणि प्रत्येक घरातल्या खिडकीपाशी ते थोडं थांबले.

मग आलं २०२४. सरकारने सूर्यघर योजना काढली. गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान. अनुदान म्हटल्यावर आडोसेकरांमधला लेखापरीक्षक जागा झाला, आणि या खेपेला तो घेणाऱ्याच्या बाजूने जागा झाला. पाहणीला एक तरुण पोरगा आला. गच्चीवर गेला, मोबाइल आडवा-उभा धरला, दक्षिणेकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, ही कुणाची झाडं?"

"आमची," आडोसेकर अभिमानाने म्हणाले.

"मग अवघड आहे. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो. गच्चीच्या वर शेंडा जेवढा, जवळजवळ तेवढीच लांब सावली. आणि एका पॅनेलवर सावली आली की त्याच्या माळेतली बाकीचीही मंदावतात. मधली तीन तरी काढावी लागतील."

ते रात्रभर झोपले नसावेत, कारण पहाटे साडेचारला त्यांनी कोकिळेला उद्देशून काहीतरी बोलल्याचं फटीतून आम्हाला समजलं. एका बाजूला अठ्ठ्याहत्तर हजार, दुसऱ्या बाजूला बारा वर्षांचा आडोसा. अखेर ताळेबंद जुळला. मधली तीन काढली तरी दोन्ही कडांना तीन-तीन उरतात, आणि मध्ये तात्पुरती शेडनेट लावता येते.

पण महाराष्ट्रात शहरातलं झाड, मग ते आपल्या अंगणात आपणच लावलेलं का असेना, आपल्या मर्जीने तोडता येत नाही. त्यासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. अर्ज करायचा, कारणं द्यायची. मग हरकती मागवायची जाहीर नोटीस निघते आणि ती त्या झाडावरच लावतात. आडोसेकरांनी कायदा वाचला होता. नियमांची दहशत त्यांनी इतरांना आयुष्यभर घातली होती. पण नोटीस झाडावर म्हणजे झाडाच्या कुठल्या अंगाला, हे त्यात लिहिलं नव्हतं. कर्मचारी आला. आतून लावतो म्हटला, तर काकूंच्या बनियनांच्या तारेची अडचण. म्हणून गेटपाशी, रस्त्याच्या बाजूला, सगळ्यांत पुढच्या झाडावर तिन्ही झाडांची मिळून एक नोटीस लावून गेला. तीत अर्जदाराचं संपूर्ण नाव, पत्ता, झाडांची संख्या, उंची, घेर आणि कारण होतं. आडोसेकरांचं खरं आडनाव कॉलनीतल्या अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

चार दिवस त्या झाडापाशी गर्दी हटेना. आणि हरकती आल्या. मंडळाने लिहिलं, तोरणाची परंपरा खंडित होईल. कॅमेरेवाला पोरगा आता कॉलेजात. त्याने टेल्ड जेच्या फोटोंसह चार पानं लिहिली. संस्कृतच्या बाईंनी कोकिळेचा मुद्दा घेतला. चौकातल्या बंगलेवाल्यांनी, कोनोकार्पसच्या झेरॉक्सची आठवण ठेवून, पर्यावरणाचा घेतला. आणि एक हरकत बँकवाल्यांची.

स्थळपाहणीला निरीक्षक आले तेव्हा अंगणात जागा पुरेना, म्हणून लोक रस्त्यावरही उभे होते. निरीक्षकांनी हरकती एकेक वाचून दाखवल्या. आडोसेकर प्रत्येकीला खोडून काढत होते. तोरणाला आंबाही चालतो, कोकिळेला उंबर आहे. बँकवाल्यांची हरकत शेवटी आली. आडोसेकर हसले. बारा वर्षं ज्याने या झाडांबद्दल भिंतीकडे तोंड करून भाषणं दिली, तो आता ती ठेवा म्हणणार कशाच्या आधारावर?

निरीक्षक वाचू लागले: "सदर वृक्ष तोडल्यास अर्जदाराच्या घरातून आमच्या घरातील सर्व व्यवहार थेट दिसतील व आमची प्रायव्हसी भंग पावेल."

आडोसेकर लालबुंद झाले. "यांची प्रायव्हसी? साहेब, मला सांगा, यांच्याकडे बघण्यासारखं आहे तरी काय? हॉलमध्ये तो मरून सोफा, त्याचा डावा हात उसवलाय, त्यावर टॉवेल घालतात. फ्रिजवर गणपती, त्याला रोज वाहतात ती जास्वंद आमच्या झाडाची. वरच्या खोलीत सूनबाईंनी पडदा बदलला, पण एक कडी कमी पडली म्हणून तो उजवीकडे लोंबतो. आणि मंगळवारी, शुक्रवारी रात्री साडेनऊला हे गृहस्थ दिवा न लावता स्वयंपाकघरात येतात आणि डाव्या हाताच्या डब्यातला बेसनाचा लाडू खातात. साखर बंद आहे यांची! हे काय बघायचं?"

कुणी काही बोललं नाही. निरीक्षकांनी टोपण काढलं आणि पाहणी अहवालात, शेऱ्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरात लिहिलं: "झाडांमधून पलीकडील सर्व स्पष्ट दिसते."

तेवढ्यात तिसऱ्या आणि चौथ्या झाडाच्या मधून बँकवाल्यांच्या वहिनींचा आवाज आला. "भावोजी, मंगळवार-शुक्रवार म्हणालात ना? आणि गुरुवारी कोण खातं, तेही जरा बघून ठेवाल का?"